पळस केशरी, फोटो मात्र फिका. असे का होते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगणीहून बोरधरणाकडे निघालात, की पानगळ झालेल्या रानात फुललेला पळस लांबूनच दिसतो. गाडी थांबते, मोबाइल निघतो, चार फोटो होतात. घरी येऊन पाहावे तर आकाश पांढरे, फुले पिवळट. डोळ्यांनी पाहिलेला रंग गेला कुठे? त्यासाठी महागडा फोनच हवा का? बहुतेक वेळा नाही. योग्य वेळ, योग्य कोन आणि स्क्रीनवर एक बोट, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

रंग का उडतो?

भरदुपारी ऊन थेट वरून येते. वर्ध्यात मेच्या उत्तरार्धात तर सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते. अशा उन्हात पाने आणि पाणी चकाकतात. ती पांढरी चकाकी खरा रंग झाकून टाकते. हवेतल्या धुळीने दूरचे रंग आणखी फिके दिसतात.

दुसरे कारण कॅमेऱ्यात आहे. तो समोरच्या दृश्यातील उजेडाचा अंदाज घेऊन फोटो किती उजळ ठेवायचा ते ठरवतो. मागे गडद झाडी असेल तर तो सगळेच उजळ करतो. त्यात फुलाचा भाग प्रमाणाबाहेर उजळतो आणि पाकळ्यांचे बारकावे जातात. पार उडालेले बारकावे एडिटिंगनेही परत येत नाहीत.

काय कराल?

• आधी लेन्स पुसा. बोटांचे तेलकट डाग आणि धूळ यांमुळे फोटो धुरकट येतो.

• सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास साधा. तिरप्या, सौम्य उजेडात रंग खुलतात.

• स्क्रीनवर फुलावर बोट ठेवा. उजेड कमी-जास्त करणारी पट्टी दिसली, की ती थोडी खाली ओढा. वर्ध्याच्या पांढऱ्याशुभ्र विश्वशांती स्तूपाने चौकट भरली असेल तर उलट करा. पांढरा रंग करडा येत असल्यास पट्टी किंचित वर न्या.

• निळे आकाश हवे असेल तर सूर्य पाठीशी ठेवा. पळसाच्या पाकळ्या उजळून दिसायला हव्या असतील तर ऊन फुलामागून येऊ द्या. मात्र लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका.

• पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पानांची आणि पाण्याची चकाकी कमी होते. काचेच्या रंगाची छटा फोटोत येऊ शकते, एवढे लक्षात ठेवा.

• पावसाची सर ओसरल्यावर फोटो काढा. हवेतली धूळ खाली बसलेली असते आणि हिरवा रंग गडद दिसतो.

सेवाग्रामचा धडा

उजेड ओळखण्याचा उत्तम धडा याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. तिथे त्यांचे नातलग कनू गांधी यांनी त्यांची छायाचित्रे टिपली. गांधीजींची अट होती, फ्लॅश वापरायचा नाही आणि मुद्दाम उभे राहायला सांगायचे नाही. आहे त्या उजेडातच काम भागवावे लागे. ती छायाचित्रे कृष्णधवल आहेत. पण उजेड आधी, बाकी नंतर, हा नियम रंगीत फोटोलाही लागू आहे.

एडिटिंग किती?

‘सॅच्युरेशन’ सगळे रंग सरसकट वाढवते. चेहरे लालभडक आणि गवत प्लॅस्टिकसारखे दिसू लागते. ‘व्हायब्रन्स’ मुख्यतः फिके रंग उचलते आणि आधीच गडद असलेल्यांना फारसे छेडत नाही. म्हणून आधी व्हायब्रन्स, तेही थोडेच.

पिकाचा फोटो असेल तर?

इथे रंग वाढवणे महागात पडू शकते. कपाशीचे पान लाल पडले की पिवळे, यावरच तज्ज्ञ लाल्या की दुसरे काही, याचा अंदाज बांधतात. अनेक फोन आपणहून हिरवा रंग गडद करतात. त्यामुळे कृषी अधिकाऱ्याला फोटो पाठवताना फिल्टर आणि ‘एआय’ सुधारणा बंद ठेवा. पान सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि शेजारी एक निरोगी पानही ठेवा. पळसाचा फोटो थोडा भडक झाला तर बिघडत नाही. कपाशीचा रंग चुकला तर फवारणीही चुकू शकते.