चेस्टनटचा ‘शाई रोग’ : औषध मुळापर्यंत पोहोचते का?

दक्षिण युरोपातील डोंगरउतारांवर, जिथे गहू धड पिकत नाही, तिथे चेस्टनटच्या पिठावर अनेक पिढ्या जगल्या. (आपल्या उपवासाच्या शिंगाड्याला इंग्रजीत ‘वॉटर चेस्टनट’ म्हणतात, पण या वृक्षाशी त्याचे काही नाते नाही.) १८३८ मध्ये पोर्तुगालमधील लिमा नदीकाठी या वृक्षाच्या एका रोगाची नोंद झाली. मुळे कुजतात, बुंध्यातून शाईसारखा काळा स्राव झिरपतो आणि डेरेदार झाड वाळून जाते. म्हणून हा ‘शाई रोग’.

फायटोफ्थोरा कॅम्बिव्होरा व फायटोफ्थोरा सिनॅमोमी हे त्याचे मुख्य कारक. दिसायला बुरशीसारखे, पण कुळाने ते तपकिरी शैवालांच्या जवळचे. बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल ते तयारच करत नाहीत. त्यामुळे त्याच घटकावर घाव घालणारी ट्रायाझोल गटातील बुरशीनाशके येथे निष्प्रभ ठरतात.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेले मेटॅलॅक्सिल मात्र या रोगकारकांवर प्रखर. त्याची आळवणी केली की मुळे ते शोषून घेतात. परंतु वारंवार वापराने रोगकारकांत प्रतिकारशक्ती निर्माण होऊ शकते. शिवाय जमिनीतील सूक्ष्मजीव औषधाचे विघटन अधिक वेगाने करू लागतात.

पोटॅशियम फॉस्फोनेटची चाल निराळी आहे. ते झाडात वर आणि खाली, दोन्ही दिशांनी वाहते. म्हणून खोडाला छिद्र पाडून टोचले तरी मुळांपर्यंत जाते. ते रोगकारकाची वाढ रोखते आणि झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणाही जागी करते. मात्र ते स्फुरदयुक्त खत नव्हे. झाडाला त्यातून अन्न मिळत नाही. जमिनीत दडलेले बीजाणू त्याने मरत नाहीत, प्रभाव ओसरला की पुन्हा टोचावे लागते. बुंध्याची साल सर्व बाजूंनी कुजली असेल, तर रसवहनच थांबते; मग औषध जाणार कोणत्या वाटेने? उपचाराची वेळ त्याआधीची.

विदर्भातील संत्रा बागायतदारांना हे अपरिचित नाही. ‘डिंक्या’ हा याच कुळातील रोगकारकांचा उपद्रव आणि औषधेही बव्हंशी तीच. पाणी साचू न देणे हा दोन्हीकडचा पहिला उपाय, कारण यांचे चलबीजाणू पाण्यात पोहत मुळे गाठतात. जपानी चेस्टनटशी संकर केलेले प्रतिकारक्षम खुंट नव्या लागवडीसाठी उपलब्ध आहेत. शंभर वर्षे जुन्या वृक्षाला नवे मूळ देता येत नाही. त्याच्यासाठी आजही निचरा आणि खोडातील टोचणी, एवढेच हाती आहे.