भित्तिपत्रक : निवडीचा धडा

महाविद्यालयातील एकांकिकेचे भित्तिपत्रक करण्याचे काम बहुधा ज्याचा हात चित्रकलेत बरा, त्या विद्यार्थ्यावर सोपविले जाते. त्याची खरी कसोटी मात्र चित्रात नसून निवडीत असते. प्राचार्य, प्रमुख पाहुणे, देणगीदार या साऱ्यांची नावे कागदावर हवी असतात. जिना उतरणारा वाचक मात्र क्षणभरच थांबतो. तेवढ्यात काय, कोठे, केव्हा हे कळले नाही, तर सारा खटाटोप व्यर्थ होय.

देवनागरीची अडचण आणखी निराळी. वेलांट्या व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली जातात; ओळींत अंतर न राखल्यास ते एकमेकांत गुंततात. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली, की केवळ अक्षरांतून नाटकाची प्रकृती कळावी. आज संगणकावर नाना अक्षरवळणे तयार मिळतात. विवेक मात्र तयार मिळत नाही.

मान्यवरांची नावे निमंत्रणपत्रिकेत घालावीत, भित्तिपत्रक वाचकासाठी राखावे, हे वडीलधाऱ्यांना नम्रपणे पटवून देणे, हाच या कामातील सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा धडा होय.