‘शेतकऱ्याचे नाव’ तीन तऱ्हांनी

बीड जिल्ह्यात 11 तालुके. आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत कुठेही अतिवृष्टी झाली की पंचनामे होतात आणि गावोगावच्या याद्या एक्सेलमध्ये चढतात. या याद्या जिल्ह्याच्या एका तक्त्यात घ्यायच्या म्हटल्या, की संगणक आधी पहिली ओळ वाचतो: अ.क्र., शेतकऱ्याचे नाव, 7/12 गट क्र., बाधित क्षेत्र (हे.), रक्कम (₹). कोणती माहिती कुठे जाणार, ते या मथळ्यांवरून ठरतं. माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही. संगणकाला मात्र प्रत्येक मथळ्यात अडखळायला जागा आहे.

सगळ्यांत अवघड प्रकरण ‘शेतकऱ्याचे’मधल्या ‘ऱ्य’चं. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर तीन वाटांनी लिहिता येतं. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडता येतो. साध्या ‘र’ला नुक्ता देऊनही तेच साधतं. किंवा साध्या ‘र्’नंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह घालता येतं. पडद्यावर तिन्ही तऱ्हा सारख्याच उमटतात. गेवराईत एका कळफलकावर टाइप झालं आणि केजमध्ये दुसऱ्यावर, तर मथळा डोळ्यांना एकच दिसेल, पण संगणक त्याचे दोन रकाने करेल आणि एका तालुक्याची सगळी नावं भलत्याच रकान्यात जातील. ज्याची ओळ अशी हरवते, त्याचं पीक आधीच पाण्याखाली गेलेलं असतं. म्हणून ही बाब किरकोळ मानता येत नाही.

तपासणी सोपी आहे. एक्सेलमधलं अक्षरं मोजणारं ‘लेन’ हे सूत्र लावलं, तर पहिल्या तऱ्हेच्या ‘शेतकऱ्याचे’ची लांबी 10 येते, उरलेल्या दोन्हींची 11. युनिकोडच्या ‘एनएफसी’ नावाच्या रूपात मजकूर आणला की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी तशीच राहते. ती वेगळी शोधून बदलावी लागते.

‘अ.क्र.’चं दुखणं निराळं. एक्सेल ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ फाइल जतन करताना सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतं. ती न ओळखणारा प्रोग्राम तिला पहिल्या मथळ्याचाच भाग समजतो आणि ‘अ.क्र.’ नावाचा रकानाच नाही म्हणतो. ती खूण काढून टाकली, तर मराठी मजकुराची चित्रविचित्र अक्षरं होण्याची भीती. शिवाय त्यातली टिंबं! एक्सेल फाइल वाचणारा मायक्रोसॉफ्टचा जुना डेटाबेस ड्रायव्हर टिंबाच्या जागी ‘#’ ठेवतो.

लांबीही नडते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये रकान्याच्या नावाला 63 बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. ‘नुकसानग्रस्त शेतकऱ्याचे नाव’ आणि ‘नुकसानग्रस्त शेतकऱ्याचे बँक खाते’ हे दोन्ही मथळे ‘नुकसानग्रस्त शेतकऱ्या’वरच तुटतात. एकाच नावाचे दोन रकाने चालत नाहीत, म्हणून तक्ताच तयार होत नाही.

‘7/12’मधली तिरपी रेघ डेटाबेसच्या भाषेत भागाकार ठरते. मथळ्याखालीही धोका आहेच: गट क्रमांक 5/2 टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करतं. जगभरचे जनुकशास्त्रज्ञ याच सवयीने हैराण झाले होते. अखेर 2020 साली ‘मार्च1’सारख्या जनुकांची नावंच बदलावी लागली.

यावर सगळे मथळे इंग्रजीत करा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो पटण्याजोगा नाही. यादी चावडीवर वाचली जाते, ती मराठीतच हवी. आणि रोमन लिपीने तरी काय सुटतं? 2011च्या जनगणनेत बीडचं स्पेलिंग ‘बी-आय-डी’ आहे, एरवी सगळीकडे ‘बी-ई-ई-डी’. तिथे जुळवणीला उपयोगी पडतो तो जनगणनेचा जिल्हा क्रमांक, 523.

मार्ग आहे. 11ही तालुक्यांना एकच कोरा नमुना द्यावा आणि त्यातली मथळ्यांची ओळ प्रोटेक्ट करून ठेवावी. जोडीला एक जुळवणीचा तक्ता हवा: एकीकडे पूर्ण मराठी मथळा, दुसरीकडे संगणकासाठी लहान, बिनचिन्हांचं नाव. लोकांनी पहिला वाचावा, डेटाबेसने दुसरं वापरावं. अनोळखी मथळा आला, तर प्रोग्रामने मुकाट्याने नवा रकाना उघडू नये; तिथेच थांबून फाइल कोणत्या तालुक्याची आणि कुठला मथळा जुळला नाही, ते मराठीत सांगावं.