उद्याच्या प्रवासाचे गणित

शहरे वाढतात, वस्त्या पसरतात आणि रोज सकाळी लाखो माणसे घराबाहेर पडतात. कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, कोणी शाळेत, तर कोणी चार घरची धुणीभांडी करायला. या सर्वांना दहा-वीस वर्षांनी कोठे जावे लागेल आणि ते कशाने जातील, याचा आधीच अंदाज बांधण्याचे एक शास्त्र आहे. पूल कोठे बांधावा, लोहमार्ग कोठे टाकावा, बसगाड्या किती सोडाव्यात, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते. हे काम अभियंत्यांचे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, त्याचे आयुष्य या गणितावर अधिक अवलंबून असते. म्हणून सभासद बंधू-भगिनींना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना त्याची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

मूळ विचार

रोजचा प्रवास कोणी हौस म्हणून करीत नाही. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, म्हणून तो करावा लागतो. अर्थात जमीन कशासाठी वापरली जाते, यावर रस्त्यावरची गर्दी ठरते. अमेरिकेत मिचेल व रॅपकिन या अभ्यासकांनी १९५४ साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला. त्याच सुमारास डेट्रॉइट आणि पुढे शिकागो या शहरांत डग्लस कॅरोल यांच्या नेतृत्वाखाली घरोघरी पाहणी करून भविष्यातील रहदारीचा हिशेब मांडण्यात आला. १९६२ च्या कायद्याने पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या अमेरिकन शहरांना महामार्गाच्या सरकारी मदतीसाठी असे नियोजन आवश्यक करण्यात आले. साठच्या दशकातच विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईच्या रहदारीचाही अभ्यास केला.

चार पायऱ्या

या हिशेबाच्या चार पायऱ्या आहेत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, शहराबाहेर १,००० कुटुंबांची नवी वसाहत होणार आहे.

पहिली पायरी म्हणजे फेऱ्या किती निघतील हे पाहणे. घरात माणसे किती, कमावते किती, शिकणारे किती, वाहन आहे की नाही, यावरून हा आकडा निघतो. आपल्या वसाहतीत दर दोन घरांमागे तीन कमावते धरले, तर सकाळी १,५०० जण कामावर निघतील.

दुसरी पायरी म्हणजे ते कोठे जातील हे ठरविणे. येथे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखा नियम वापरतात. जेथे रोजगार जास्त, तेथील ओढ जास्त. जसजसे अंतर, वेळ आणि भाडे वाढते, तसतशी ओढ कमी. समजा, या हिशेबाने ६०० जण औद्योगिक वसाहतीकडे, ६०० जण शहराच्या मध्यभागी आणि ३०० जण जवळच्या बाजारपेठेत जातील.

तिसरी पायरी म्हणजे साधनाची निवड. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या ६०० जणांपैकी, दर पंधरा मिनिटांनी बस मिळाल्यास, ४०० जण बसने जातील, बाकीचे दुचाकीने, सायकलने किंवा पायी जातील, असे धरू. बसमध्ये ५० जण बसतात. म्हणजे सकाळच्या दोन तासांत ८ बसगाड्या लागतील.

चौथी पायरी म्हणजे ही सारी वाहने कोणत्या रस्त्याने जातील ते पाहणे. जो तो आपल्याला कमी वेळ लागेल असा रस्ता धरतो. तो तुंबला की काही जण दुसऱ्या रस्त्याला वळतात आणि शेवटी वापरातल्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागू लागतो. हे तत्त्व इंग्लंडच्या वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली मांडले.

गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकान नाही

आता गणितातील मेख पाहू. समजा, खर्चाच्या भीतीने आठऐवजी तासाला एक याप्रमाणे दोनच बसगाड्या सोडल्या. त्यांत शंभरच जण मावतील. उरलेले किती दिवस वाट पाहणार? कोणी कर्ज काढून दुचाकी घेईल, कोणी शेअर रिक्षात दाटीने बसेल, तर एखादी भगिनी ती नोकरीच सोडून देईल. वर्षाने मोजणी केली, तर कागदावर बसचे प्रवासी शंभरच दिसतील आणि निष्कर्ष निघेल की येथे बसला मागणी नाही! म्हणूनच आज किती जण प्रवास करतात आणि सोय असती तर किती जणांनी केला असता, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ज्या हिशेबात हा फरक विसरला जातो, तो हिशेब उणिवेलाच कायम करून ठेवतो.

रस्त्यांच्या बाबतीत याच्या उलट घडते. रस्ता रुंद केला की काही काळ वाहतूक सुरळीत होते. मग पूर्वी टाळले जाणारे प्रवास होऊ लागतात, त्या बाजूला नवी घरे उभी राहतात आणि रस्ता पुन्हा भरतो. अँथनी डाऊन्स यांनी ही गोष्ट १९६२ सालीच दाखवून दिली होती.

गिरणगाव आणि नवी मुंबई

जमिनीचा वापर बदलला की प्रवास कसा बदलतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. परळ-लालबागच्या चाळींत राहणारा गिरणी कामगार भोंगा वाजला की पायी कामावर जात असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीवर नव्या बांधकामाची वाट मोकळी केली. तेथे कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले. जेथून माणसे पायी कामावर जात, तेथे आता दूरच्या उपनगरांतून लोकलने माणसे येऊ लागली. जमिनीचा उपयोग पालटला, मात्र स्थानकांचे जिने आणि पूल त्या प्रमाणात रुंदावले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसात, परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल उभारण्यात आला व तो २०१८ मध्ये खुला झाला. इमारतींना परवानगी देताना तेथे येणाऱ्या पावलांचा हिशेबही त्याच टेबलावर असता, तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दुसरे उदाहरण नवी मुंबईचे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ साली खाडीवर पूल झाला, परंतु वाशीपर्यंत लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले. मधली दोन दशके शहराची वाढ अपेक्षेपेक्षा मंद राहिली. पुढे लोहमार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला व स्थानकांभोवती वस्ती वाढली. वस्तीमुळे वाहतूक येते आणि वाहतुकीमुळे वस्ती येते, असा हा दुहेरी संबंध आहे.

अंदाज किती खरे ठरतात?

सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ साली बार्ट ही रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोक ती वापरतील, असा अधिकृत अंदाज होता. डॅनियल मॅकफॅडन यांनी वेळ, भाडे आणि गैरसोय माणूस कशी तोलतो याचा अभ्यास करून ६.३ टक्के हा आकडा काढला. प्रत्यक्षात तो ६.२ टक्के निघाला. निवडीच्या या शास्त्राबद्दल त्यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु असे यश विरळा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लूबियर्ग व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १४ देशांतील २१० प्रकल्प तपासले गेले. दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगविलेला आढळला, तर निम्म्या रस्त्यांच्या बाबतीत अंदाज २० टक्क्यांहून अधिक चुकला होता. चूक केवळ गणिताची नसते. ज्यांना प्रकल्प मंजूर करून घ्यायचा असतो, त्यांना मोठा आकडा सोयीचा असतो.

मोजले कोणाला जाते?

आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. जुन्या पाहण्यांत पायी चालणे ही फेरी म्हणून बहुधा धरलीच जात नसे. २००५ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाची सर्वंकष पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात असे दिसून आले. तरीही पदपथावरचा खर्च आणि उड्डाणपुलावरचा खर्च यांची तुलना करण्याची गरज नाही. ती डोळ्यांना दिसते. मुलाला शाळेत सोडून, कामावर जाऊन, परतताना भाजी घेणाऱ्या स्त्रीच्या तुटक फेऱ्याही "घर ते कचेरी" या साच्यात बसत नाहीत. वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटले आहे. ते प्रत्यक्षात यायचे, तर माणसांची नोंद आधी व्हायला हवी.

म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे. पाहणी करणारे दारात आले, तर त्यांना परत पाठवू नका. घरातील प्रत्येकाची, आजीच्या दवाखान्याची आणि मुलीच्या क्लासचीसुद्धा, फेरी नोंदवा. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचना देण्याची मुदत असते, ती वाया जाऊ देऊ नका. आणि ज्या विद्यार्थ्यांना गणिताची गोडी आहे, त्यांनी नगररचना व वाहतूक अभियांत्रिकी या शाखांचाही विचार करावा. उद्या कोणत्या वस्तीत बस जाणार हे ज्या टेबलावर ठरते, तेथे त्या वस्तीतून आलेला कोणीतरी बसलेला असणे आवश्यक आहे.