नेरुळच्या मैदानात दोन सरकारं

6 नोव्हेंबर 2023 च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी आणि रियाधचा अल हिलाल यांचा सामना झाला. पाहुणे 2-0 ने जिंकले. दुखापतीमुळे नेमार आलाच नाही, त्यामुळे पुष्कळांचा हिरमोड झाला. मला मात्र वेगळंच नवल वाटतं. अल हिलालची 75 टक्के मालकी तेव्हा सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीकडे होती. मुंबई सिटीची 65 टक्के मालकी तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती, आणि त्या ग्रुपचे मुख्य मालक शेख मन्सूर म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचे उपराष्ट्राध्यक्ष, राष्ट्राध्यक्षांचे भाऊ. पैसा खासगी आहे असं ग्रुप म्हणतो. असेलही! पण जिथे राजघराणं आणि सरकार एकच, तिथे खासगी तिजोरी कुठे संपते हे बाहेरच्यानं कसं ओळखायचं?

आखातातला पैसा आपल्या किनाऱ्याला नवा नाही. रेवदंड्याला लागून असलेल्या चौलला अरब प्रवासी 'सैमूर' म्हणत. 916 च्या सुमारास अल-मसूदी तिथे आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडची माणसं धरून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथे राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, आणि त्याची नेमणूक करी इथला राजा. परका पैसा आला, पण कुणाला जबाबदार राहायचं हे ठरवूनच आला.

सहाशे वर्षांनी रेवदंड्याच्या त्याच खाडीवर दुसरी तऱ्हा आली. पोर्तुगिजांनी 1516 मध्ये वखार घातली आणि निजामशहाच्या परवानगीनं 1524 पर्यंत किल्ला उभा केला. मसाल्याच्या व्यापारात त्यांचा राजा स्वतःच व्यापारी होता. समुद्रात जहाज न्यायचं तर त्याचाच परवाना हवा, नाहीतर माल जप्त. विकणारा तोच, नियम करणाराही तोच. 1740 मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला.

(खाडीपलीकडे साळावला स्पंज आयर्नचा कारखाना आहे तो जेएसडब्ल्यूचा, आणि बेंगळुरू एफसीही त्यांचाच. उद्योगपतीनं संघ घेतला तर निदान आपल्या कोर्टात त्याला खेचता येतं.)

सरकार मालक झालं की अडचण होते ती इथे. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रीमियर लीगनं याच ग्रुपच्या मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियमभंगाचे शंभराहून जास्त आरोप ठेवले, क्लबनं ते नाकारले. एका देशाची क्रीडासंस्था आणि दुसऱ्या देशाचं राजघराणं समोरासमोर! नफ्यातोट्याचा धाकही अशा मालकाला फारसा नसतो. त्याला हवं असतं नाव.

फायदा झाला नाही असं कसं म्हणू? 2020-21 मध्ये मुंबईनं इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीतलं अव्वल स्थान आणि करंडक, दोन्ही मिळवलं. एप्रिल 2022 मध्ये इराकी हवाई दलाच्या संघाला 2-1 ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मग आयएसएलचं भवितव्य अधांतरी झालं, आणि डिसेंबर 2025 मध्ये ग्रुपनं आपला वाटा रणबीर कपूर व बिमल पारेख या मूळ मालकांकडे सोपवून काढता पाय घेतला.

जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती असतात. तसं इथेही करावं, असं चटकन सुचतं. पण मतं हाती असती तरी चाहत्यांनी अशा मालकाला नकार दिला असता असं मला वाटत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी निधीनं इंग्लंडमधला न्यूकॅसल क्लब घेतला, तेव्हा स्टेडियमबाहेर लोक आनंदानं नाचले. त्या निधीचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान. त्याच राजवटीच्या हस्तकांनी 2018 मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात पत्रकार जमाल खशोगी यांचा खून केला होता. न्यूकॅसलचा सौदा होऊ देऊ नका, अशी खशोगींच्या वाग्दत्त वधूनं, हातिजे जेंगीझ यांनी, जाहीर विनंती केली होती. जर्मन नियम न्यूकॅसलला लावला असता, तरी जेंगीझबाईंना मत मिळालं नसतं.