वनस्पतींच्या साहाय्याने रौप्यकण : गजकर्णावरील नव्या उपचाराची सद्यःस्थिती

अहेरी परिसरात पाऊस लागून रोवणीची कामे सुरू झाली की बाह्यरुग्ण विभागात खाज व चट्ट्यांच्या तक्रारी वाढू लागतात. चिखलपाण्यात तासन् तास उभे राहणे, ओले कपडे अंगावरच वाळणे, एकच टॉवेल व अंथरूण अनेकांनी वापरणे ही त्याची मुख्य कारणे होत. गजकर्ण, चिखल्या, शिबे हे सर्व बुरशीमुळे होणारे विकार आहेत. त्यांनी सहसा जीव जात नाही. परंतु झोप उडते, मजुरी बुडते आणि एकाचा विकार घरातील सर्वांना जडतो.

वनस्पतींच्या साहाय्याने तयार केलेल्या चांदीच्या सूक्ष्म कणांचे मलम आपल्या रुग्णालयाने वापरावे काय, अशी पृच्छा काही हितचिंतकांनी केली. त्यासाठी हे निवेदन.

कण कसे तयार होतात?

या विषयातील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झाले, ही अभिमानाची बाब होय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली सास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जिरेनियमच्या व २००४ साली कडुनिंबाच्या पानांचा अर्क वापरून असे कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पाने पाण्यात उकळून गाळावयाची व तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणात मिसळावयाचा. पानांतील घटकांमुळे विरघळलेली चांदी कणरूप धारण करते आणि द्रावण तपकिरी होते. हे कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. येथे चांदी झाडातून येत नाही, झाड केवळ तिला घडवते, हे ध्यानात घ्यावे.

कण जितके लहान, तितका तेवढ्याच चांदीचा एकूण पृष्ठभाग अधिक. त्यातून सुटणारे चांदीचे आयन बुरशीच्या पेशीचे आवरण दुबळे करतात व आतील प्रथिनांचे कार्य बिघडवतात. भाजलेल्या जखमांवर लावले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम १९६० च्या दशकापासून परिचित आहे. तेथेही जंतुनाशक कार्य चांदीचेच.

अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांच्या गटाने तर बुरशीकडूनच असे कण तयार करून घेतले. फ्लुकोनॅझोल या औषधासोबत ते वापरल्यास कॅन्डिडा या बुरशीवरील परिणाम वाढतो, असे २००९ साली त्यांनी दाखविले. त्याआधी, २००८ साली, दक्षिण कोरियातील संशोधकांनी गजकर्णाच्या एका बुरशीवरही रौप्यकणांचा परिणाम प्रयोगशाळेत नोंदविला होता.

मग अडचण कोणती?

काचेच्या बशीतील बुरशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत मोठे अंतर आहे. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या मृत थरात, केसांच्या मुळांशी व नखांत दडते. औषध तेथवर पोहोचावे लागते. बुरशीच्या पेशीची रचना मानवी पेशीशी बरीच मिळतीजुळती असल्याने तिला मारणारी मात्रा आपल्या त्वचेलाही अपायकारक ठरू शकते. शिवाय पानांचे घटक ऋतू व जमिनीनुसार बदलतात. त्यामुळे प्रत्येक खेपेचे कण एकसारखे ठेवणे कठीण जाते. "वनस्पतीजन्य" म्हणून निर्धोक, हा समज योग्य नव्हे. गजकर्णाच्या नेहमीच्या उपचारांत हे कण अद्याप समाविष्ट नाहीत.

तथापि नव्या औषधांची निकड खरी आहे. टर्बिनाफिन या प्रचलित औषधाला अनेकदा दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही बुरशी २०२० साली स्वतंत्र नावाने ओळखली गेली. त्या नावातच भारताचा निर्देश आहे. स्टिरॉइडमिश्रित मलमांनी रोग अधिकच चिवट होतो. अशा मलमाने खाज शमते, लाली जाते; बुरशी मात्र पसरत राहते.

रुग्णालयाचे धोरण

हिशेबाच्या वहीत जशी पावतीवाचून रक्कम जमा धरता येत नाही, तशीच रुग्णांवरील रीतसर चाचण्यांवाचून औषधाची गुणवत्ता गृहीत धरता येत नाही. म्हणून आपला निधी तूर्त सिद्ध औषधांच्या पूर्ण उपचारक्रमासाठीच वापरणे हितावह आहे. अर्ध्यावर सोडलेला उपचार अखेर महागात पडतो.

नातेवाइकांना विनंती की, दुकानातून मनाने मलम आणू नये. खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. घरातील सर्व बाधितांना एकाच वेळी तपासणीस आणावे. कपडे स्वतंत्र धुऊन उन्हात वाळवावेत. देणगीदारांनी एका रुग्णाऐवजी एका कुटुंबाच्या संपूर्ण उपचाराचा भार उचलल्यास ते साहाय्य अधिक फलदायी ठरेल. रौप्यकणांच्या चाचण्या यशस्वी झाल्यास त्यांचे स्वागत आपण आनंदाने करूच.