अरुंदपट्ट गाळणी, खगोलीय

खगोलीय छायाचित्रणात दूरदर्शक व कॅमेरा यांच्या दरम्यान बसविण्यात येणारी आणि वर्णपटातील एखाद्या ठराविक रेषेलगतचा अगदी थोडा प्रकाशच पुढे जाऊ देणारी गाळणी (फिल्टर). दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीचा पल्ला सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश) असतो. त्यापैकी सामान्यतः ३ ते १२ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा ही गाळणी पारित करते व बाकीचा परावर्तित करते. काचेवर कमीअधिक वक्रीभवनांक असलेल्या पदार्थांचे अनेक पातळ थर आलटून पालटून देऊन ती तयार करतात. तिचे कार्य रंगीत काचेप्रमाणे शोषणाने होत नसून प्रकाशाच्या व्यतिकरणाने होते. हौशी ज्योतिर्विद अभ्रिका, बिंबाभ्रिका व अतिदीप्त नवताऱ्यांचे अवशेष यांच्या छायाचित्रणासाठी तिचा उपयोग करतात.

तत्त्व : अतिशय उष्ण ताऱ्याच्या जंबुपार प्रारणामुळे भोवतालच्या वायूचे आयनीभवन होते. असा वायू सर्व रंगांत सारखा प्रकाशत नाही. त्याचा बहुतेक दृश्य प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. हायड्रोजनाची आल्फा रेषा (६५६·३ नॅनोमीटर), द्विआयनीभूत ऑक्सिजनाच्या दोन रेषा (४९५·९ व ५००·७ नॅनोमीटर) आणि एकआयनीभूत गंधकाच्या दोन रेषा (६७१·६ व ६७३·१ नॅनोमीटर) या छायाचित्रकाराच्या नित्य उपयोगाच्या होत. याउलट चंद्रप्रकाश आणि शहरी उजेडाने उजळलेले आकाश यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असतो. त्यामुळे ३ नॅनोमीटर पट्ट्याच्या गाळणीतून अशा पार्श्वभूमीचा ढोबळमानाने शंभरावा भाग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. अभ्रिकेचा त्या रेषेतील प्रकाश मात्र फारसा कमी होत नाही. गाळणीने अभ्रिका अधिक तेजस्वी होते, हा समज चुकीचा आहे. तिच्यामागील आकाश तेवढे काळे होते.

ऑक्सिजनाच्या ५००·७ नॅनोमीटर रेषेचा इतिहास मनोरंजक असून त्यात पुण्याचाही वाटा आहे. विल्यम हगिन्झ यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातील एका बिंबाभ्रिकेच्या वर्णपटात ही रेषा प्रथम पाहिली. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ या मूलद्रव्याची कल्पना करण्यात आली. नॉर्मन लॉक्यर यांच्या मते ती मॅग्नेशियमाच्या वर्णपटातील एका पट्ट्याची कडा होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक व महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटाचे वेध घेतले. त्यांना ही रेषा तीक्ष्ण आढळली, पट्ट्याच्या कडेप्रमाणे एका बाजूस पुसट होत गेलेली नव्हे. वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिचा २० इंची (सु. ५१ सेंमी.) परावर्ती दूरदर्शक कोडईकनाल येथे नेण्यात आला. रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी सोडविले : अत्यंत विरल वायूतील ऑक्सिजनाच्या आयनांची ती ‘निषिद्ध’ रेषा आहे. नेहमीच्या घनतेच्या वायूत असे आयन ती उत्सर्जित करण्यापूर्वीच इतर कणांवर आदळून आपली ऊर्जा गमावतात. ज्या रेषेसाठी एक मूलद्रव्य कल्पावे लागले, तिची गाळणी आज खाजगी गच्चीवरील दूरदर्शकाला लावता येते.

रस्त्यांवरील दिव्यांत झालेल्या बदलामुळे या गाळणीचे महत्त्व वाढले आहे. पाऱ्याच्या व सोडियमाच्या दिव्यांचा प्रकाश बराचसा ठराविक रेषांत असे. सोडियमाची जोडरेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येते. एवढाच भाग अडविणारी रुंदपट्ट गाळणी त्या काळी पुरत असे. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्याची मोहीम सुरू झाली. या दिव्यांचा पांढरा प्रकाश सलग वर्णपटाचा असल्याने तो वगळता येत नाही. हवी ती रेषा तेवढी निवडून घेणे, हाच मार्ग उरतो.

आकाश व ऋतू : हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) हे गाव सु. २०° उत्तर अक्षांशावर आहे. तेथून मृगातील अभ्रिका माध्यान्हवृत्तावर सु. ६५°, एकशृंगातील गुलाबी अभ्रिका सु. ७५°, धनूतील सरोवर अभ्रिका सु. ४५°, तर नौकातलातील प्रचंड अभ्रिका जेमतेम १०° उंचीवर येते. जालना व छत्रपती संभाजीनगर ही मोठी शहरे गावाच्या दक्षिणेकडील बाजूस पडतात. म्हणजे आकाशगंगेचा सर्वांत समृद्ध दक्षिण भाग ज्या दिशेला खाली असतो, त्याच दिशेला शहरांची प्रभा येते. ग्रामीण आकाश तुलनेने काळे असूनही तेथे अरुंदपट्ट गाळणी निरुपयोगी ठरत नाही, याचे हे एक कारण होय.

दुसरी अडचण पावसाळ्याची. धनू व हंस हे अभ्रिकांनी गजबजलेले समूह जून ते ऑगस्टच्या मध्यरात्री डोक्यावर किंवा दक्षिणेस येतात, आणि नेमके तेव्हाच मराठवाड्याचे आकाश मेघाच्छादित असते. धनूचे छायाचित्रण मार्च ते मे महिन्यांत पहाटेपूर्वी, तर हंसाचे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सायंकाळनंतर उरकावे लागते. निरभ्र रात्री अशा मोजक्या असताना शुक्ल पक्षातील रात्री वाया घालविणे परवडत नाही. हायड्रोजन-आल्फा गाळणीने चांदण्यातही काम चालते. ऑक्सिजन गाळणीला मात्र चंद्र अधिक बाधतो, कारण विखुरलेल्या चांदण्यात निळ्या बाजूचा प्रकाश जास्त असतो. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीशी झाली की कॅमेऱ्यातील संवेदकाचा स्वतःचा गोंगाट जाणवू लागतो. म्हणून एकेक छायाचित्र ५ ते २० मिनिटांचे घेऊन अशी अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करतात व संवेदक विद्युत् पद्धतीने थंड ठेवतात. उन्हाळ्यातील रात्री हवेचेच तापमान २५° से. च्या वर असल्यास हे शीतन अपुरे पडू शकते.

मर्यादा : दीर्घिका, तारकागुच्छ व कृत्तिकेभोवतीची परावर्तन अभ्रिका यांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सलग वर्णपटाचा असल्याने पार्श्वभूमीबरोबर तोही तितकाच कापला जातो. त्यांच्यासाठी काळोख्या आकाशाला पर्याय नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तिचे मोल या दृष्टीने लक्षात यावे. तिरप्या किरणांसाठी गाळणीचा पट्टा निळ्या बाजूला सरकतो, हाही एक दोष आहे. एफ/५ दूरदर्शकात कडेच्या किरणांसाठी हे सरकणे एक नॅनोमीटरहून कमी असते. एफ/२ मध्ये ते ४-५ नॅनोमीटरपर्यंत जाते आणि ३ नॅनोमीटरची गाळणी हवी ती रेषाच अडवून बसते. साध्या कॅमेऱ्यातील अवरक्त-रोधक काच हायड्रोजनाचा तांबडा प्रकाशही बराचसा अडविते, म्हणून ती काढून टाकलेले कॅमेरे वापरतात.

या पद्धतीत रंग हे छायाचित्रकाराने नेमून दिलेले असतात. हबल अवकाश दूरदर्शकाने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेल्या गरुड अभ्रिकेतील स्तंभांच्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनाला हिरवा व ऑक्सिजनाला निळा रंग दिला होता. हौशी मंडळींत तीच योजना रूढ झाली. अशी चित्रे डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाची नव्हेत. वायूंची वाटणी दाखविणारे ते नकाशे होत. त्यांतून नवे काही हाती लागते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. मार्सेल ड्रेक्स्लर, झेव्हियर स्ट्रॉटनर व यान सेंटी या हौशी निरीक्षकांना २०२२ मध्ये ऑक्सिजनाच्या गाळणीतून देवयानी दीर्घिकेशेजारी एक विस्तीर्ण अंधुक कमान आढळली. या दीर्घिकेची शतकभर असंख्य छायाचित्रे घेतली गेली होती. या एका रेषेत इतका वेळ देऊन मात्र तो भाग कोणी पाहिला नव्हता. कमान दीर्घिकेजवळची आहे की आपल्याच आकाशगंगेतील वायूची, यावर मतभेद झाले असून नंतरच्या अभ्यासांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.